पहिलीच्या वेळी काय खाल्लं?

मुलांनो,

गेल्या रविवारी आपण फोनवर बोलत होतो, तेव्हा थोरलीने शाळेच्या प्रकल्पासाठी आईला विचारलं, "मी पोटात होते तेव्हा तू काय खात होतीस?" विषय होता आईच्या आहारातले ओमेगा आणि गर्भातल्या बाळाचा मेंदू. प्रश्न साधा होता. तुमची आई "आठवत नाही" म्हणाली आणि भांडी घासायला उठून गेली. तुमच्याकडे भांडी यंत्र घासतं, हे मला माहीत आहे.

उत्तर मी, तुमची आजी, देते. वरण-भात, मऊ खिचडी आणि उलट्या थांबल्या की दूध-बिस्किट. प्रकल्पात तेवढं लिहून टाक. पण आई उठून का गेली हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, आणि थोरली त्यावरून रुसून बसली आहे असं तुमचे बाबा म्हणाले. म्हणून लिहायला बसले. त्यासाठी आधी आमच्या शेजारच्या सरांची ओळख करून द्यायला हवी. मला कुठलीही गोष्ट क्रमाने सांगायला आवडते, पण हा माणूस क्रमात बसणारा नव्हता.

ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. तोंडावर सगळे त्यांना सर म्हणत, माघारी जवससर. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि त्याच्या खिशात पेनाच्या जागी स्टीलची डबी. डबीत भाजलेलं जवस. बोलता बोलता चार दाणे स्वतःच्या तोंडात, चार समोरच्याच्या हातावर. "चावा. नीट चावा. न चावलेलं जवस नुसतं फिरायला येतं आणि परत जातं." दातांत कायम एखादा दाणा अडकलेला असे, त्यामुळे ते हसले की व्याख्यानाचा पुरावाही समोर दिसायचा.

नोकरीत असेपर्यंत त्यांची एकच तक्रार होती, मुलांना काही येत नाही. सरांच्या वर्गात पास होणाऱ्या मुलाकडे कॉलेजात संशयाने बघत. निवृत्त झाल्यावर त्यांच्या वाचनात परदेशी मासिकातला एक लेख आला आणि जन्मभर छळणाऱ्या कोड्याचं उत्तर सापडलं. मुलं नापास होत होती ती सरांच्या शिकवण्यामुळे नव्हे. मुलांच्या आयांमुळे.

"मेंदू म्हणजे चरबी, वहिनी," ते मला कुंपणाच्या भिंतीवरून सांगत. "मऊ, उत्तम प्रतीची चरबी. शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आईच्या अंगातून ओमेगा ओढून घेतं. आईच्या ताटातच नसेल तर ओढणार काय? कपाळ?"

हे चुकीचं नव्हतं, ही खरी अडचण. सगळंच खोटं बोलणारा माणूस एका चहात ओळखू येतो. सरांचं निम्मं खरं असे आणि उरलेलं निम्मं ते त्याच दमात बोलून टाकत.

जवस आणि मासा यातला फरक त्यांनी मला एसटीच्या भाषेत समजावला होता. शेंगदाणा तेल म्हणजे पायी चालणं. जवस म्हणजे साधी गाडी, प्रत्येक फाट्यावर थांबणार, बहुतेक प्रवासी वाटेतच उतरणार, दोन-चार कसेबसे मेंदूपर्यंत पोचणार. बांगडा म्हणजे विनाथांबा. रविवारी सकाळी घाट चढून रत्नागिरीकडचा मासा बाजारात आला की सर हजर. माशाचे कल्ले उचलून ते असे बघत, जणू त्याची तोंडी परीक्षा चालली आहे. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. स्वयंपाक स्वतः करत, आणि रविवारी दुपारी आमच्या शाकाहारी घरात सरांच्या जेवणाचा वास आमच्या जेवणाआधी पोचत असे.

कोल्हापुरात राहून त्यांनी मटणाला नावं ठेवली, यावरून त्यांच्या धाडसाची कल्पना येईल. एका लग्नात पंगतीत बसून ते तांबड्या रश्श्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यात मेंदूसाठी काय आहे?"

शेजारचे गृहस्थ भुरका न थांबवता म्हणाले, "मेंदू पायजे तर भेजा फ्राय सांगू का मास्तर? आतनं आणत्यात."

दुसरा कुणी असता तर हसला असता. सर गंभीर झाले. विचार करून म्हणाले, "तत्त्वतः बरोबर आहे." आणि खरंच मागवून खाल्ला.

रस्त्यावर कुणी मूर्खासारखं वागलं की आपण शिवी देतो किंवा सोडून देतो. सर कारण शोधत. एकदा भवानी मंडपाजवळ रिक्षावाल्याने उलट्या दिशेने रिक्षा घातली. मागे बसलेल्या सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "पावणं, तुमच्या आईनं तुमच्या वेळी काय खाल्लंतं?"

त्याने रिक्षा तिथेच उभी केली. "शिव्या खाल्ल्या. सासूच्या. उतरा खाली."

सर उन्हातून चालत घरी आले आणि मला म्हणाले, "बघितलंत वहिनी? राग आवरत नाही. हेही त्यातलंच लक्षण."

मंडईत गरोदर बाई दिसली की त्यांची डबी उघडलीच. भाजीवाली ओरडायची, "मास्तर, कोथमीर घ्याय आलायसा का बाळंतपण कराय?" पण सुनेला दिवस गेले तेव्हा तिनेच पदर पुढे करून जवस मागून घेतलं. लोक त्यांना हसत आणि त्यांच्याकडून घेतही. मीही हसत होते. मग ते आमच्या घरात आलं.

त्या वर्षी तुमचे बाबा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला होते. पंचतारांकित हे हॉटेल नव्हे, तिथे कारखाने आहेत आणि चहा वाईट मिळतो. तुम्ही सगळे माझ्यापाशी कोल्हापुरात होतात. धाकट्या, तू आईच्या पोटात होतास. थोरले, तू अडीच वर्षांची होतीस आणि बोलत नव्हतीस. एक शब्दही नाही. हाक मारली की बघायचीस, हवं ते बोटाने दाखवायचीस आणि वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढून फरशीवर रंगवार मांडत बसायचीस. मला तू अत्यंत हुशार वाटत होतीस, पण आजीचं मत कोण विचारतं? तुझी आई मात्र आतून घाबरलेली होती. शेजारची तुझ्या वयाची मुलं गाणी म्हणत आणि ती हसून "हो का, छान" म्हणे.

एका सकाळी ती अंगणात कपडे वाळत घालत होती. भिंतीवर सरांचं डोकं उगवलं.

"काय सूनबाई, पाचवा ना? मासे खात नाही, ठीक. जवस तरी सुरू करा." मग डबी भिंतीवर ठेवत त्यांनी सहज विचारलं, "पहिलीच्या वेळी काय खाल्लं होतं?"

"काही टिकतच नव्हतं हो, सर. वरण-भात. बिस्किटं."

"अरेरे," सर म्हणाले. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, फरशीवरच्या चिमट्यांकडे पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "तरीच."

एवढंच बोलून ते आत गेले. गॅसवर काहीतरी होतं म्हणे.

कुणी दगड मारला तर टेंगूळ तरी दाखवता येतं. तुमची आई कपड्यांची बादली तशीच टाकून खोलीत गेली. त्यानंतर तिचं वागणंच बदललं. तुला मांडीवर घेऊन ती तासन्‌तास तुझ्या कपाळावरून हात फिरवायची, जणू आतलं काही हाताला लागतंय का बघत होती. जेवायला बसली की ताटाकडे बघत राहायची. मला वाटलं, दिवसांत होतं असं.

मग एका दुपारी न्हाणीघराच्या मागे ओकण्याचा आवाज आला. जाऊन बघते तर ती भिंतीला टेकून उभी, हातात ताटली आणि ताटलीत अर्धा खाल्लेला बांगडा. सर तळून भिंतीवरून देत होते आणि ती डोळे मिटून गिळत होती. जिच्या माहेरी गडहिंग्लजला चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नाही, ती ही मुलगी. एक घास आत, दोन बाहेर.

"अगं, हे काय चाललंय?"

"आई, एकीचं मी वाटोळं केलं. दुसऱ्याचं नको व्हायला."

मुलांनो, ती हे रडत म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. ती हिशोब सांगावा तसं म्हणाली.

मी सरळ भिंतीपाशी गेले आणि सरांना हाक मारली.

"सर, तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"शास्त्र."

"ती अन्न टाकून बसली आहे."

"अन्न नाही, मासा टाकते आहे. सवय नाही. होईल." मग मला धीर द्यावा तसं म्हणाले, "वहिनी, शास्त्राला भावना नसतात."

"ते शास्त्राचं झालं. तुमचं काय?"

ते बांगडा उलटायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वच्छ सांगितलं. ओमेगा बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना हवा असतो, हे खरं. मासा चालत नसेल तर शेवाळापासून काढलेल्या तेलाची गोळी मिळते, ती लिहून देते. पण थोरली बोलत नाही ती तुझ्या वरण-भातामुळे, असं जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही. काही मुलं उशिरा बोलतात. कान तपासून घ्या, स्पीच थेरपिस्टना दाखवा. कान उत्तम निघाले. थेरपिस्टबाईंकडे जाणं सुरू झालं. गोळीही सुरू झाली. पण तुमच्या आईला पटलं नाही. "डॉक्टर धीर द्यायला बोलतात हो आई. सर खरं बोलले." कडू असेल तेच खरं, असं शिकलेल्या माणसांनाही वाटतं. शिकलेल्यांना जरा जास्तच.

दुसऱ्या खेपेला आपल्याकडे सहसा डोहाळजेवण करत नाहीत. मी करायचं ठरवलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, चार बायकांची थट्टा, यातून ती हसेल अशी माझी समजूत. सरांना बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्यांच्या आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नेसरीहून आल्या होत्या, सगळे त्यांना आव्वा म्हणत, त्यांना वगळणं बरं दिसलं नसतं. आव्वा आल्या, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि त्यांचा हात धरून सर. आव्वांना पाणी हवं म्हणून सर स्वयंपाकघरातही जाऊन आले. माझं लक्ष तेव्हा झोपाळ्याच्या फुलांकडे होतं.

डोहाळजेवणात एक खेळ असतो. दोन वाट्या झाकून ठेवायच्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. गरोदर बाईने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. त्यात अर्थ काही नाही, आरडाओरडा भरपूर. बायका ओरडत होत्या, "उजवी घे!" "नको गं, डावी!" तुमच्या आईने बऱ्याच दिवसांनी जरा हसून डावी वाटी उघडली. आत जवसाचा लाडू. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तिने दुसरी उघडली. आत तळलेला बांगडा, डोक्यासकट, वर बघत असलेला.

माझ्या थोरल्या नणंदबाई साडी आवरून पाटावरच उभ्या राहिल्या. "अगं बाई! बाटवलं की गं घर!"

सर पुढे आले. त्यांना वाटलं, लोक विषयाकडे वळले.

"मुलगा की मुलगी हा प्रश्नच अडाणी आहे," त्यांनी सुरू केलं. "खरा प्रश्न आहे, हुशार की मठ्ठ. आणि तो या वाटीत ठरतो. सूनबाईंच्या पहिल्या खेपेला जी चूक झाली, ती या वेळी..."

बायकांनी आधी सरांकडे पाहिलं, मग थोरले, तुझ्याकडे. तू झोपाळ्याखाली बसून पाकळ्या ओळीत लावत होतीस. तुझ्या आईने झोपाळ्याची कडी घट्ट धरली.

"गप रं," कोपऱ्यातून आवाज आला.

"आव्वा, हे शास्त्र..."

"गप म्हनलं न्हवं? समद्या गावाला इचारत फिरतोस, आईनं काय खाल्लं, आईनं काय खाल्लं. मला कधी इचारलास व्हय?"

सरांनी रिक्षावाल्याला विचारलं होतं, मंडईला विचारलं होतं, गॅसची टाकी आणणाऱ्यालाही विचारलं होतं. स्वतःच्या आईला विचारायचं सुचलं नव्हतं.

"काय खाल्लं होतंस, आव्वा?" त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला.

"जवसाची चटणी आन भाकरी. दुसरं हुतं काय घरात?"

मी माणसाचा चेहरा इतका उजळलेला क्वचित पाहिला आहे. "ऐकलंत?" ते ओरडले. "वहिनी, ऐकलंत?"

"म्होरलं ऐक की. तुझ्या थोरल्या भावाच्या येळंलाबी त्येच खाल्लं. त्याच उखळात कुटल्यालं. त्यो चौथीच्या म्होरं गेला का?"

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं.

"आन तू? तू बोलाय कवा लागलास, ठावं हाय? शाळंत घालायच्या वक्ताला. तवर मुका. वट्ट्यावर नुस्तं खडं मांडत बसायचास. गावानं मला खाल्लं रं. हिनं पोटुशी असताना काय खाल्लं, काय बघितलं, गिराणात भाईर पडली का. तुझी आज्जी तर भाकरी वाढताना रोज इचारायची. घास घशाखाली उतरायचा न्हाई." त्यांनी काळा चष्मा तुमच्या आईकडे वळवला. "पोरी, ह्ये माझं मुकं प्रोफेसर झालं. म्या काय केलं म्हणून न्हवं. झालं आपलं. गप ऱ्हायलं असतं तर आणखी बरं झालं असतं."

मग जो हशा झाला, तो झोपाळ्याच्या कड्यांतून वाजला. माझ्या नणंदबाई पाटावरून उतरल्या आणि तिथेच बसून डोळे पुसायला लागल्या. तुमची आई हसली, हसता हसता रडायला लागली, आणि फुलांच्या दागिन्यांसकट उतरून तिने आव्वांच्या मांडीवर डोकं ठेवलं. आव्वा तिच्या पाठीवर थोपटत राहिल्या. मधेच म्हणाल्या, "त्यो मासा टाकू नगासा. मी खातो." आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी खातो, मी जातो' असंच म्हणतात, तुम्ही चूक काढू नका. त्यांनी तो अंगणात बसून काट्यांपर्यंत खाल्ला. सर तोवर निघून गेले होते.

पुढचे काही दिवस भिंतीवर डोकं दिसलं नाही. मग एका सकाळी दिसलं.

"वहिनी, मी विचार केला. दोन भावांवरून शास्त्र ठरत नाही."

"अगदी बरोबर, सर," मी म्हटलं. "आणि एका नातीवरून?"

त्यांनी डबी उघडली, बंद केली, खिशात ठेवली. "हं," म्हणाले. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि मी वाटही बघितली नाही. पण महिन्याभराने भाजीवाली मला म्हणाली, "मास्तरास्नी काय झालंय हो बाई? आता काय इचारत न्हाईत. नुस्तं जवस देत्यात आन जात्यात."

तुमच्या आईने मासा पुन्हा तोंडात घातला नाही. गोळी मात्र शेवटपर्यंत घेतली. त्यामुळे धाकट्या, तुझ्या मेंदूत शेवाळाचं तेल आहे आणि ताईच्या मेंदूत गडहिंग्लजच्या पद्धतीचं वरण. तुम्ही दोघंही मला गणितात हरवता आणि दोघांपैकी एकाचीही चप्पल जागेवर नसते. थोरले, तू भाऊ झाल्यावर बोललीस. शब्दाशब्दाने नाही, थेट वाक्य. पाळण्यात डोकावून म्हणालीस, "ह्याला परत ठेवा." तुझी आई तेव्हा पोळ्या लाटत होती. ती लाटणं हातात घेऊनच धावत आली आणि तुला ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, इतकं की पाळण्यातला शेवटी रडायला लागला.

तरीही कुणी "तेव्हा काय खाल्लं होतंस" असं विचारलं की ती उठून जाते. तू विचारलंस म्हणून नाही गेली. ती अजून त्या अंगणातच उभी असते, हातात ओला कपडा घेऊन. आता तुला माहीत झालं आहे, तर रुसवा सोड. तिला समजावायला जाऊ नकोस, नुसती जवळ जाऊन बस.

सर चार वर्षांपूर्वी गेले, आव्वा त्यांच्या आधी. त्यांच्या बंगल्यात आता दातांचा दवाखाना आहे. आमच्या गल्लीत अजूनही कुणाला दिवस गेले की कुणीतरी जवसाची चटणी कुटून बरणी भरून तिच्या घरी पोचवतं. पहिल्याच्या वेळी काय खाल्लं होतं, हे तिला कुणी विचारत नाही.